आधी गिअरबॉक्स

"नाना, इंजिन कुठलं चांगलं?" असं कुणी विचारलं तर नाना उत्तर देत नसत. उलट विचारत, "गेरबॉक कुठला हाय?" श्रीवर्धनात जुनी गाडी घेणारा प्रत्येक जण एकदा तरी त्यांच्या अंगणात येऊन हा प्रश्न ऐकून गेलेला असायचा. गाडी दाखवायला आणली की नाना बॉनेटकडे बघतसुद्धा नसत. आत बसत, इंजिन बंद ठेवूनच दांडा एकेका गिअरमध्ये टाकत आणि काढत. तांदूळ घेताना बाया दाणा दाताखाली धरून बघतात, तसे. मग बाहेर येऊन फक्त "घे" किंवा "नको" म्हणत. एकदा शेजारच्या मुलीचं स्थळ बघायला मंडळी त्यांना बरोबर घेऊन गेली होती. परतताना सगळे मुलाची तब्येत, नोकरी वाखाणत होते. नाना म्हणाले, "पोरगा ताकदीचा हाय हे दिसतंय. ताकद चाकापत्तोर पोचते का, ते बघा." मुलीच्या बापाने खरोखरच आणखी महिनाभर चौकशी केली.

नाना म्हसळ्याच्या आतल्या बाजूच्या एका भातशेतीच्या गावचे. भाऊ तिघे आणि शेत थोडं, म्हणून तरुणपणी एसटी डेपोत मदतनीस म्हणून चिकटले आणि मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. सगळी वर्षं एकाच टेबलावर काढली. इंजिनवाले वेगळे, ब्रेकवाले वेगळे, नाना गिअरबॉक्सचे. आमच्या सुपारीच्या वाडीला लागूनच त्यांचं दोन खोल्यांचं घर. मुलगी लग्न होऊन माणगावला गेलेली, घरात ते आणि काकी. मी शाळेत असल्यापासून त्यांच्यासाठी विन्या होतो आणि पुण्यात यंत्रांचे भाग डिझाइन करणारा इंजिनिअर झालो तरी विन्याच राहिलो.

घरून काम करायची ती वर्षं आली तेव्हा मी लॅपटॉप घेऊन श्रीवर्धनला आलो आणि डोक्यात एक जुनं खूळ उठलं. स्वतःच्या हाताने मोटार बांधायची. दोनच माणसांची, बुटकी, आणि इंजिन पुढे नाही तर सीटांच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या किंचित पुढे. सांगाड्याचे आराखडे इंटरनेटवर मिळाले, वरचं फायबरचं कवच कोल्हापूरकडच्या एका माणसाने बनवून द्यायचं कबूल केलं. राहिला प्रश्न इंजिन आणि गिअरबॉक्सचा, तोही माझ्या खिशाला झेपेल असा. इंजिन मागे का, हे नानांना कसं समजवावं याची मी तयारी करून गेलो होतो. त्यांनी मला अर्ध्यात थांबवलं. "सायकलच्या क्यारियरवर सुपारीचं पोतं ठेवलं का मागलं चाक वाळूत बी चावतं. तेच ना?" तेच.

पण त्यांच्याकडे जायच्या आधीच मला आणखी एक गोष्ट कळली होती. ओळखीच्या एका एजंटला मी फोन करून विचारलं होतं, की घरी बांधलेल्या गाडीचं पासिंग होतं का. तो हसला. म्हणाला, कारखान्याची मंजुरी नाही, चाचण्या नाहीत, अशा एकट्यादुकट्या गाडीला नंबर मिळत नाही. वाडीत फिरवा, कुणाच्या खासगी ट्रॅकवर न्या, रस्त्यावर विसरा. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. मला गाडी बांधायची होती, चालवायचं नंतर बघता आलं असतं. नानांना मात्र मी हे सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असंही तेव्हा वाटलं नव्हतं. रस्त्यावर न येणाऱ्या गाडीसाठी हा माणूस कशाला हात काळे करेल, एवढं मनात येऊन गेलं आणि मी ते तिथेच ठेवलं.

माझा पहिला बेत मोटरसायकलच्या इंजिनाचा होता. हलकं, चपळ आणि गिअर त्याच्याच पोटात. नानांनी लॅपटॉपवरची चित्रं शांतपणे बघितली.

"ह्याला मागचा गिअर कुठाय?"

"नसतो, नाना. मोटरसायकलला कशाला लागतो?"

"आन गाडीला? बाजारपेठेत समोरनं टेंपो आला का काय करशील? उतरून गाडी उचलशील?"

मी म्हटलं, मागे जायला वेगळी छोटी मोटर बसवता येते. "मंग ती बिघडली का तिला ढकलायला तिसरी," नाना म्हणाले. मग जरा गंभीर झाले. "हे इंजान एकदोन माणसं वाहायला केलेलं. गाडीचं वजन घेऊन चढावर उभं ऱ्हायलं का आधी क्लच जळंल. मरंल क्लच आन लोक शिव्या देतील इंजानाला."

दुसरा बेत माझ्या फारच जिव्हाळ्याचा होता. अलिबागजवळच्या एका बंगल्यात एक जुनी परदेशी गाडी गंजत पडली होती. तिचं इंजिन अगदी शेपटीला, मागच्या चाकांच्याही पलीकडे. तिचा गिअरबॉक्स लहान, मजबूत आणि मालक द्यायला तयार. माझ्या गाडीत इंजिन चाकांच्या अलीकडे हवं होतं, म्हणून मी तो सगळा जोड तोंड फिरवून उलटा बसवायचं ठरवलं. आठवडाभर खपून सुबक चित्र काढलं. नाना चित्राकडे बघत राहिले, मग अंगणात माझ्यासमोर तोंड करून उभे राहिले. दोन्ही हात बाजूला पसरले आणि मनगटं गोल फिरवायला लागले.

"ही दोन चाकं. मी कुठं चाललो?"

"माझ्याकडे."

मनगटं तशीच फिरवत ते जागच्या जागी पाठमोरे झाले. "हात तसंच फिरतंय. गिअर बी तोच. फकस्त तोंड फिरवलं. मी कुठं चाललो?"

चाकं अजूनही माझ्याच दिशेने फिरत होती आणि नानांचं तोंड मात्र पलीकडे होतं.

"तुजी गाडी पुढं एका गिअरनं जाईल आन मागं चार गिअरनं पळंल," नाना म्हणाले. ओट्यावर सुपाऱ्या सोलत बसलेल्या काकी हसून हसून बेजार झाल्या. "म्हंजे खेकडाच की!" "खेकडा निदान तिरपा तरी जातो," नाना म्हणाले. आतलं मोठं चक्र काढून दुसऱ्या अंगाला बसवता येईल, असंही त्यांनी सांगितलं, पण लगेच म्हणाले, "त्याचा एक दात तुटला तर कुठं हिंडशील? आपल्या बाजारात मिळतं तेच आपलं."

मग ते मला घेऊन माणगावला गेले. हायवेच्या कडेला एका भंगारवाल्याकडे एकाच जातीच्या दोन छोट्या गाड्या पडल्या होत्या, एक जुनी, एक जरा नवी. पाठीमागून ठोकलेल्या, पुढून धड. इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्या कुशीला चिकटलेला आणि तिथूनच दोन्ही बाजूंच्या चाकांना दांडे गेलेले. "हे सगळं एका तुकड्यानं उचलायचं आन सीटांच्या मागं ठेवायचं," नाना म्हणाले. "तोंड फिरवायचं न्हाय. आधी पुढची चाकं वढत व्हती, आता मागची ढकलतील. बाकी काय बदललं?" माझा लोभ सुटेना. त्याच अंगणात एक मोठं डिझेल इंजिन होतं. तेच या गिअरबॉक्सला जोडलं तर? नानांनी मान हलवली. "लगीन लागून मुरलेलं जोडपं हाय. फोडू नको. नव्या इंजानाची ताकद ह्याच्या दाताला सोसायची न्हाय आन आपल्याला दोन माणसांच्या गाडीला येवढी लागायची न्हाय."

दोन्ही गाड्यांची इंजिनं सारखी होती, पण गिअरबॉक्समध्ये फरक. जुन्या गाडीचे गिअर चढावाच्या कामाचे, नवीचे हायवेवर सुसाट पळायचे. मी अर्थात नवीकडे बघत होतो. नानांनी तिथे काहीच ठरवलं नाही. दोन दिवसांनी सकाळी मला एसटीत बसवून म्हसळ्याला नेलं, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या बाकावर. वाटभर त्याच्या हाताकडे बघत पुटपुटत होते. "इथं दुसरा. इथं बी दुसरा. आता तिसरा टाकंल... टाकला. बघ, काढला." म्हसळ्याला उतरून एकेक चहा घेतला आणि त्याच गाडीने परत फिरलो. श्रीवर्धनच्या स्टँडवर उतरताना ते म्हणाले, "जुना घ्यायचा. हायवेवर थोडा बोंबलंल, पन ह्या वळणांवर दुसऱ्या गिअरात दमानं चढंल. तुज्या काकीला पोटात ढवळणार न्हाय."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की नानांच्या डोक्यात गाडी रस्त्याला लागलेली आहे आणि काकी तिच्यात बसलेल्या आहेत.

"पासिंगला कधी न्यायची?" त्यांनी विचारलं.

"बघू," मी म्हणालो.

आपल्या भाषेत 'बघू'सारखा सोयीचा शब्द दुसरा नसेल. त्यात खोटं बोलावं लागत नाही. तिथेच, स्टँडवर, मी दोन वाक्यांत सांगून मोकळा होऊ शकलो असतो. पण माणगावहून इंजिन उचलून आणायचं होतं, ते सांगाड्यात बसवायचं होतं आणि ते काम माझ्याने एकट्याने होणारं नव्हतं. मला त्यांचे हात हवे होते.

पुढचे सात-आठ महिने नाना रोज सकाळी आमच्या वाडीतल्या शेडमध्ये येत. सांगाडा मी जोडायचो, पण वेल्डिंगचा प्रत्येक सांधा ते हातोडीने वाजवून बघत आणि आवाज पसंत पडला नाही तर म्हणत, "हे रडतंय, पुन्यांदा कर." पुढच्या चाकांचं सामान मागे आलं होतं, ती चाकं आता वळायला नको होती, नानांनी आडव्या सळया बांधून ती जखडून टाकली. सगळ्यात छळलं ते गिअरच्या दांड्याने. दांडा पुढे, बॉक्स मागे, मध्ये लांब केबली. गिअर पडायचा, पण मऊ, लापशीत चमचा फिरवल्यासारखा. मी म्हणालो, चालतंय की. नाना म्हणाले, "चालतंय म्हंजे झालं न्हवं." तीन वेळा सगळं सोडवून त्यांनी पुन्हा बांधलं. चौथ्यांदा गिअर पडला तो असा स्वच्छ, की त्यांनी स्वतःच दोनतीनदा टाकून बघितला.

एका सकाळी मी आलो तर सांगाड्याची डावी बाजू बदललेली. दाराच्या खालची आडवी नळी कापून चार बोटं खाली घेतलेली, मजबुतीला खालून तिरका आधार दिलेला आणि डावी सीट उंच केलेली. दोन्ही बाजू सारख्या दिसत नव्हत्या. मी जरा तोऱ्यातच विचारलं, "हे काय, नाना?"

"तुज्या काकीचं गुडघं," ते म्हणाले. "इतक्या वर पाय उचलत न्हाय तिचा."

त्या दिवशी तर सांगायलाच हवं होतं. मी म्हणालो, "छान झालंय."

गाडी पहिल्यांदा चालू झाली तो दिवस मी विसरणार नाही. माघ संपत आला होता. वरचं कवच अजून बसवायचं होतं, नुसता सांगाडा, दोन सीटा आणि पाठीशी इंजिन. नानांनी मला चालवायला सांगितलं. मी म्हणालो, आधी तुम्ही. त्यांनी पायताण काढून ठेवलं, आत बसले आणि पहिला गिअर टाकला. सुपारीच्या दोन रांगांमधून गाडी विहिरीपर्यंत गेली, थांबली आणि मागच्या गिअरने सरळ रेषेत परत आली. इंजिन बंद करून ते तसेच बसून राहिले. हात स्टिअरिंगवर, तोंडावर काही नाही, फक्त कानांच्या पाळ्या लाल झालेल्या. काकी तबक घेऊन आल्या. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि नानांचा हात धरून डाव्या सीटवर जाऊन बसल्या. पाय सहज आत गेला.

"वैशाखात माज्या भावाच्या नातवाचं लगीन हाय," त्या मला म्हणाल्या. "इतकी वर्सं म्हायेरी येष्टीनं गेले. माजा भाव लग्नात बोल्ला व्हता, पोरगी ग्रीसवाल्याला दिली. आता ग्रीसवाल्यानं केलेल्या गाडीतनं त्याच्या दारात उतरनार. समद्यांना सांगून ठेवलंय मी." आणि मग, "व्हईल ना रे तवर?"

नाना माझ्याकडे बघत होते. काकीही बघत होत्या.

"होईल की," मी म्हणालो. या वेळी तर 'बघू'सुद्धा म्हणालो नाही.

त्यानंतर मी पुण्याला निघून गेलो. ऑफिसने बोलावलं होतं हे खरं, पण आठवडाभराचं काम मी महिनाभर लांबवलं हेही खरं. नानांचे फोन यायचे. कवच बसलं, दिवे लागले, आता ब्रेकचं तेवढं बघायचंय. मी प्रत्येक वेळी म्हणायचो, आलोच. लग्नाला तीन आठवडे उरले तेव्हा काकींचा फोन आला. "हे काल आरटीओत जाऊन आले. आल्यापासनं जेवले न्हाईत, बोलत बी न्हाईत. तू ये बाबा."

मी दुसऱ्या दिवशी पोचलो. नाना शेडमध्येच होते, ब्रेकच्या नळीतली हवा काढत. बाजूला खोक्यावर निळी प्लॅस्टिकची फाइल. ती फाइल मी अजून विसरू शकत नाही. भंगारवाल्याची कागदपत्रं, गाडीचे चारी बाजूंनी काढलेले फोटो आणि एका कोऱ्या कागदावर इंजिनाच्या नंबराचा पेन्सिलने घासून घेतलेला छाप. सांगाड्याला नंबर नव्हता, म्हणून नानांनी आकडे उठवायचे लोखंडी पंच आणून स्वतःच्या हाताने एक ठोकला होता. त्याचाही छाप घेतला होता.

"साहेब चांगला व्हता," नाना नळीकडेच बघत म्हणाले. "हसला न्हाय. बसायला दिलं, पानी दिलं. कायदा वाचून दाखवला. म्हनाला, बाबा, हे कुनालाच मिळत न्हाय." मग त्यांनी मान वर केली. "तुला ठाव व्हतं?"

नाही म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "हो."

"कवापासनं?"

"पहिल्यापासून. तुमच्याकडे यायच्या आधीपासून."

त्यांनी नळीचा स्क्रू घट्ट केला, पुन्हा एकदा पाना लावून तपासला आणि फडक्याला हात पुसले. मी काहीतरी बोलायला लागलो. मला वाटलं होतं तुम्ही मदत करणार नाही, मग सांगायचं राहून गेलं, असलंच काहीतरी. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"सांगायचं व्हतंस, विन्या. मी केलीच असती गाडी." त्यांनी फडकं घडी करून ठेवलं. "हिला बोललो नसतो, येवढंच."

मला त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते सामान पेटीत भरून घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आले, ब्रेक पुरे केले, तेल तपासलं, किल्ली माझ्या हातात दिली. अपुरं काम टाकून जाणं त्यांच्यात नव्हतं. गाडी तुम्हीच ठेवा, असं मी म्हणून बघितलं. त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी माझी नेहमीची गाडी धुऊन, हार घालून त्यांच्या दारात नेली. निदान काकींना घेऊन जावं, असं मनात होतं. दाराला कुलूप होतं. मी स्टँडवर गेलो. दोघे फलाटावर उभे होते. काकींच्या अंगावर नवं हिरवं लुगडं, केसांत अबोली, हातात आहेराची पिशवी. मी म्हणालो, "काकी, चला, मी सोडतो." काकींनी नानांकडे बघितलं. नाना म्हणाले, "न्हाय, गाडी लागलीय आमची." काकी माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तिथं विचारतील रे समदे, गाडी कुठाय म्हनून. काय सांगू?"

 

नानांनी त्यांना धरून एसटीच्या पायरीवर चढवलं. ती पायरी उंच होती, काकींनी दोनदा प्रयत्न केला. खिडकीची जागा त्यांना देऊन नाना बाजूला बसले. मी खिडकीखाली उभा होतो. ऊन चढलं होतं. इंजिन चालू झालं तेव्हा नाना काकींच्या पलीकडून थोडे वाकले आणि माझ्याकडे बघून अगदी सभ्यपणे म्हणाले, "तुम्ही जावा आता. उन्हात उभं ऱ्हाऊ नका."

त्याआधी त्यांनी मला कधी अहोजाहो केलं नव्हतं. त्यानंतर कधी अरेतुरे केलं नाही.